वरच्या क्लासमधलं वजन शून्य का झालं?

निफाड तालुक्यातल्या एका पॅकहाउससाठी मी जावात द्राक्षांच्या नोंदीचा प्रोग्राम लिहिला होता. फेब्रुवारी, भर हंगाम. रात्री दिवसभराच्या क्रेटची ऑब्जेक्ट्स सीरियलाइझ करून, म्हणजे बाइट्समध्ये बदलून, फाइलमध्ये टाकायची, सकाळी वाचायची. एके सकाळी जात थॉमसन, ब्रिक्स (गोडीचं माप) १८, सगळं जागेवर; वजन मात्र प्रत्येक क्रेटचं ०.०. एरर कुठेच नाही. शेतकऱ्याचे पैसे वजनावर ठरतात हो! काट्याच्या पावत्या काढून आम्ही दुपारपर्यंत वजनं पुन्हा भरत बसलो.

वजन होतं ‘माल’ या वरच्या क्लासमध्ये, म्हणजे सुपरक्लासमध्ये. ‘द्राक्षक्रेट’ त्याचा वारस, आणि सीरियलायझेबल (‘याची ऑब्जेक्ट्स सीरियलाइझ करता येतात’ ही खूण) मी फक्त द्राक्षक्रेटला लावलं होतं. अशा वेळी वरच्या क्लासची फील्ड्स फाइलमध्ये जातच नाहीत. परत वाचताना जावा द्राक्षक्रेटचा कन्स्ट्रक्टर (नवं ऑब्जेक्ट तयार होताना चालणारा कोड) चालवत नाही. वर चढत पहिला जो सीरियलायझेबल नसलेला क्लास लागतो, त्याचा बिनपॅरामीटरचा कन्स्ट्रक्टर तेवढा चालतो. माझा रिकामा होता, म्हणून शून्य. तो कन्स्ट्रक्टर नसताच तर फाइल बिनतक्रार लिहिली गेली असती आणि वाचताना इनव्हॅलिडक्लासएक्सेप्शन हे एरर आलं असतं. मला तेच परवडलं असतं; निदान चूक दिसली तरी असती.

वरचा क्लास तुमचाच असेल तर इम्प्लिमेंट्स सीरियलायझेबल त्यालाच लावा. खालच्या सगळ्यांना ते आपोआप मिळतं. सोबत सीरियलव्हर्जनयूआयडी (क्लासच्या आवृत्तीचा क्रमांक) पहिल्या दिवसापासून स्वतः लिहा, नाहीतर हंगामाच्या मध्यात एक फील्ड वाढवलं की जुन्या फाइली वाचता येत नाहीत.

क्लास लायब्ररीतला असेल, हात लावता येत नसेल, तर खालच्या क्लासमध्ये राइटऑब्जेक्ट आणि रीडऑब्जेक्ट या मेथड लिहा. राइटऑब्जेक्टमध्ये आधी डिफॉल्टराइटऑब्जेक्ट (खालच्या क्लासची फील्ड्स तेच लिहितं), मग राइटडबलने वजन. वाचताना त्याच क्रमाने: डिफॉल्टरीडऑब्जेक्ट, मग रीडडबल, आणि आलेला आकडा सेटरने वर पोचवा. दोन्ही मेथड प्रायव्हेटच हव्यात. पब्लिक केल्या तर जावा त्यांच्याकडे ढुंकूनही बघत नाही, आणि तुम्हाला सांगतही नाही.

फाइल तयार झाली म्हणून निर्धास्त होऊ नका. एक क्रेट लिहा, लगेच वाचा, वरच्या क्लासपासून एकेक फील्ड ताडून बघा. चाचणीत वजन ९.४ असं काहीतरी द्या. शून्य दिलंत तर हरवलेलं वजनही बरोबरच दिसेल.