वाळूत रुतलेलं जाळं कसं काढावं

रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासच्या किनाऱ्यावर कासवं नोव्हेंबरपासून अंडी घालायला वर येतात, म्हणून आम्ही किनारा ऑक्टोबरातच साफ करतो. अमावास्येचं उधाण ओसरलं की पहाटेच्या ओहोटीला निघा. कचरा भरतीच्या वरच्या रेषेवर अडकलेला मिळतो. बाटल्या, चपला, थर्माकोल पटापट गोणीत भरा. वेळ राखून ठेवा जाळ्यासाठी. रुतलेलं नायलॉनचं जाळं ओढू नका, सोबत मर्यादवेल मुळासकट येते, आणि वाळू धरून ठेवते तीच. हाताने उकरा, कोयतीने हातभर तुकडे करा, प्रत्येक तुकडा झटका. गेल्या वर्षी एकातून तीन जिवंत कुर्ल्या निघाल्या. एकीची नांगी दोऱ्यात गुंतलेली, ती मी कात्रीने हळूच सोडवली. गोणी अर्धीच भरा, ओली वाळू फार जड. रस्ता नाही तिथून होडीनेच न्या, दुपारचा वारा उठायच्या आत.