‘लासोम्वार’ वाचताना शेजारी हिशेबाची वही ठेवा

नोकरीची सगळी वर्षं पतपेढीत कर्जाच्या टेबलावर गेली म्हणून असेल, पण फ्रेंच लेखक एमिल झोलाची ‘लासोम्वार’ ही कादंबरी मला दारूची गोष्ट म्हणून वाचताच येत नाही. आमच्या वाचनकट्ट्यावर कुणी ती हातात घेतली की चार दिवसांनी विचारणा होतेच, “अहो ताई, ही बाई पिऊन वाया जाणार हे कळलं, आता पुढे काय वाचायचं?” मी म्हणते, पैसा कुठून आला आणि कुठे गेला ते लिहीत चला. ती बाई म्हणजे नायिका जर्वेझ. तिच्या हातात ग्लास फार उशिरा येतो. तोवर खातं बुडालेलं असतं.

आधी प्रत नीट निवडा. इंग्रजीतून वाचणार असाल तर फुकट मिळणारे जुने अनुवाद नकोत. त्या काळी इंग्लंडात झोला काटछाट करून छापत, आणि एवढं करूनही त्याचा प्रकाशक हेन्री व्हिझटेली १८८९ मध्ये तुरुंगात गेला. ऑक्सफर्डने काढलेला मार्गरेट मॉल्डन यांचा अनुवाद चांगला आहे. मूळ पुस्तक १८७७ चं, वीस कादंबऱ्यांच्या मालिकेतलं सातवं. आधीच्या सहा वाचल्या नसतील तरी काही अडत नाही.

मोबाइलवर पॅरिसचा नकाशा उघडून गार द्यू नॉर स्टेशन शोधा. त्याला लागूनच लारीब्वाझिएर रुग्णालय आहे आणि जरा वर, कादंबरी घडते ती गूत दॉर ही गल्ली. कादंबरी सुरू होते तेव्हा जर्वेझ खिडकीत उभी राहून रात्रभर न परतलेल्या लांतिएची, तिच्या मुलांच्या बापाची, वाट बघत असते. समोर त्या रुग्णालयाचं बांधकाम चाललेलं असतं. ते लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आता वही. पहिल्या पानावर हिशेब नको, दुसऱ्या प्रकरणात जर्वेझ होणाऱ्या नवऱ्याला, कूपोला, आपल्या इच्छा सांगते त्या उतरवा. निवांत काम करता यावं. रोज खायला पाव असावा. झोपायला जरा स्वच्छ जागा, एक खाट, एक टेबल, दोन खुर्च्या. मुलं चांगली निघावीत. मार खावा लागू नये. आणि मरण आपल्या अंथरुणात यावं. एवढंच मागते बिचारी. यातली कोणती इच्छा कोणत्या प्रकरणात मोडते ते पुढे खूण करून ठेवा. कादंबरीची बांधणी डोळ्यांपुढे येईल.

मग नोंदी. पहिल्याच प्रकरणात कपडे गहाण टाकून ५ फ्रँक येतात. ते घेऊन लांतिए पळतो, आणि जाताना गहाणाच्या पावत्यासुद्धा नेतो! माणूस ओळखायला मला तेवढं पुरलं. पुढे कपडे धुऊन इस्त्री करणाऱ्या जर्वेझची मजुरी दिवसाला ३ फ्रँक. लग्नाचं जेवण माणशी ५ फ्रँक, वर्गणीने, आणि शेवटी बिलावरून भांडण. कूपो छपरांवर जस्ताचे पत्रे बसवणारा. त्याचा बाप प्यायलेला असताना छपरावरून पडून मेलेला, म्हणून हा कडक दारूला शिवत नाही. चौथ्या प्रकरणात तोही पडतो, पूर्ण शुद्धीत, खालून लेकीने हाक मारली म्हणून. इथे थांबा आणि दोनदा वाचा. जर्वेझ त्याला लारीब्वाझिएरमध्ये पाठवत नाही, घरी ठेवून शुश्रूषा करते, आणि दुकानासाठी साठवलेली पुंजी त्यात संपते. कर्जाच्या टेबलावर बसलेल्या कुणालाही विचारा, खातं इथे फिरलं. दारू, आळस, लांतिएचं परत येऊन फुकट राहणं, हे सगळं त्यानंतरचं.

गूजे लोहार तिला लाँड्रीसाठी ५०० फ्रँक देतो. फेड ठरते महिना २० ची. हप्ता कधी चुकायला लागतो ते शोधा. झोला ओरडून सांगत नाही, इस्त्रीच्या गप्पांमध्ये सरकवून देतो. गूजेचंही पान करा: बोल्ट बनवायचं यंत्र आल्यावर त्याची १२ फ्रँकची रोजी ९ वर येते. तो पीत नाही, उधळत नाही, तरी येते.

सातवं प्रकरण, भाजलेल्या हंसाची मेजवानी, एका बैठकीत वाचा. जेवण अंगावर येतं. पण आधीची पानं घाईने उलटू नका: वाइनसाठी पैसे हवेत म्हणून रेशमी झगा आणि लग्नाची अंगठी गहाण जाते. गल्लीला दाखवायचं असतं ना! आपल्याकडची बारशी आणि साखरपुडे आठवून मला हसू आलं आणि पोटात गोळाही.

एक सावधगिरी. ‘जर्वेझ आळशी झाली, खादाड झाली’ अशी वाक्यं आली की ती लेखकाची समजून बसू नका. निवेदन चालता चालता गल्लीच्या तोंडात शिरतं, आणि बोलणारा कुणी शेजारी असतो. मी अशा वाक्यांपुढे पेन्सिलीने ‘कोण म्हणतंय?’ लिहिते.

आठवं प्रकरण लांबलं आहे, भरभर वाचलंत तर चालेल. दहाव्यात आणि बाराव्यात लाली नावाची पोर आहे, बापाच्या हातचा मार खात भावंडं सांभाळणारी. ती पानं झोपण्यापूर्वी घेऊ नका.

पुढे काय वाचायचं? बहुतेक जण जर्वेझच्या मुलीची ‘नाना’ (१८८०) घेतात. मी आधी ‘जर्मिनल’ (१८८५) घ्या म्हणेन. तिचा धाकटा मुलगा एतिएन त्यात उत्तरेकडच्या कोळसा खाणींत काम शोधत येतो, आणि मेग्रा नावाच्या दुकानदाराच्या उधारीवर तिथली कुटुंबं जगत असतात.