सुट्टीत काय करायचं हे ठरवण्याआधी जुने फोटो उघडा

'तुम्ही कोणत्या प्रकारचे प्रवासी आहात?' अशी दहा प्रश्नांची चाचणी कुणी पुढे केली तर ती सोडवू नका. समुद्र की डोंगर, गर्दी की एकांत असं विचारत ती शेवटी तुमच्यावर 'साहसी', 'निवांत' किंवा 'संस्कृतिप्रेमी' असा शिक्का मारून मोकळी होते. मंगळवारी सकाळी नऊ वाजता नेमकं काय करायचं, हा प्रश्न मात्र होता तिथेच राहतो. शिक्के मारायची ही हौस जुनीच आहे. स्टॅन्ली प्लॉग या अमेरिकन अभ्यासकाने १९७४ साली प्रवाशांची एक पट्टी मांडली. एका टोकाला ओळखीचं आणि सुरक्षित तेच हवं असणारे, दुसऱ्या टोकाला अनोळखी जागी बेधडक घुसणारे. गंमत अशी की त्याच्याच मांडणीत बहुतेक लोक अधेमधे कुठेतरी येतात. तुम्हीही बहुधा तिथेच आहात, आणि मधल्या माणसाला असल्या शिक्क्याचा काडीचा उपयोग नाही.

ठिकाण, तारखा आणि बजेट ठरलंय असं मी धरून चालते. ते ठरलं नसेल तर आधी ते उरका.

पायरी १: आपली तऱ्हा ओळखा

सगळी गोम इथे आहे. पुढच्या पायऱ्या तासाभरात होतात, या पायरीला एक अख्खी संध्याकाळ द्या. मलाही वर्षानुवर्षं इथेच अडायला व्हायचं, कारण 'मला काय आवडतं?' असा प्रश्न मी स्वतःला विचारायचे. हा प्रश्न विचारूच नये. त्याचं उत्तर देतं ते आपल्या मनातलं आपलं चित्र: पहाटे उठून शिखरावर पोचणारी मी, संग्रहालयात तासन् तास रमणारी मी. प्रवासाला जाते ती दुसरीच बाई असते. तिला झोप हवी असते आणि तिचे पाय दुखतात.

म्हणून पुरावा काढा. मागच्या दोन-तीन सहलींचे फोटो उघडा. सुंदर फोटोंत रमू नका, फोटोखालची वेळ बघा. रोजचा पहिला फोटो किती वाजताचा आहे? पहिले दोन दिवस साडेसातचा आणि तिसऱ्या दिवसापासून पावणेअकराचा असेल, तर सूर्योदयाच्या कार्यक्रमाची तुमची ऐपत दोन दिवसांची आहे. रोज शेवटचा फोटो साडेचारच्या आसपास थांबत असेल, तर संध्याकाळच्या कार्यक्रमांचे पैसे आजवर वायाच गेले असणार. मग मधल्या मोकळ्या जागा शोधा. दुपारी एक ते चार एकही फोटो नाही, असं का? एकतर तुम्ही इतके कंटाळला होतात की फोन खिशातून काढावासा वाटला नाही, नाहीतर इतके गुंतला होतात की फोनची आठवणच झाली नाही. दोन्हींतलं कुठलं, हे तुम्हाला लगेच आठवेल. ती जागा कुठली होती ते लिहून ठेवा. तुमच्या आवडीचा सगळ्यात खरा पुरावा बहुतेक वेळा या बिनफोटोच्या तासांत सापडतो.

यानंतर दोन गोष्टी आठवा. पैसे भरून ऐन वेळी काय टाळलंत? आणि बेतात नसताना कुठे रेंगाळलात? 'काय आवडलं?' यापेक्षा या दोन उत्तरांवर माझा कितीतरी जास्त विश्वास आहे.

आठवणीवर मात्र एकटीवर भिस्त ठेवू नका, ती सोयीचं तेवढंच सांगते. डॅनियल कानेमन या मानसशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली याचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांना एकदा १४ अंश सेल्सिअसच्या गार पाण्यात ६० सेकंद हात बुडवून ठेवायला लावला. दुसऱ्यांदा तसेच ६० सेकंद आणि वर आणखी ३० सेकंद, पण त्या शेवटच्या ३० सेकंदांत पाण्याचं तापमान हळूहळू १५ अंशांपर्यंत वाढवलं. पुन्हा करायचं झालं तर कुठला प्रकार निवडाल, असं विचारल्यावर बहुतेकांनी दुसरा, म्हणजे जास्त वेळ त्रास देणारा निवडला. शेवट जरा बरा झाला की आधीचा त्रास किती वेळ चालला याला आठवणीत फारशी किंमत राहत नाही. पाच तासांच्या रांगेनंतर वीस मिनिटांचा देखावा मिळालेला माणूस घरी येऊन 'एकदम भारी!' म्हणतो तो असाच. खोटं बोलत नसतो बिचारा. पण पुढच्या सुट्टीतही तो तीच रांग निवडतो आणि तिसऱ्या तासाला बायकोवर खेकसतो. त्यामुळे सोबत जे होते त्यांना विचारा: 'मी कधी चिडचिड करत होते? कधी गप्प होते? कधी "आता निघू या" म्हणाले?' उत्तरं ऐकायला जड जातील, पण कामाची असतील.

एवढी सामग्री हातात आली की पाच गोष्टी तपासा. तुमचे चांगले तास कोणते. चांगलं दमणं आणि वाईट दमणं यांची सीमा कुठे. अनोळखी लोकांच्या घोळक्यात किती वेळ तग धरता. कुणी समजावून सांगितलेलं आवडतं की आपलं आपण शोधलेलं. आणि हात हलवत परत यायची तयारी आहे का.

चौथ्या मुद्द्यावर आमच्या घरात कायमची फाळणी आहे. मी संग्रहालयात शेवटच्या दालनातल्या शेवटच्या पाटीवरचा शेवटचा शब्दसुद्धा वाचते. माझा नवरा अर्ध्या तासात दाराबाहेरच्या बाकावर, हात डोक्यामागे. त्याच जागी जाणता गाइड गाठून दिला तर हाच माणूस दोन तास त्याच्या मागे फिरतो आणि उलट प्रश्न विचारून त्याला दमवतो. म्हणजे त्याला इतिहासाचं वावडं नाहीच, त्याला वाचायचा कंटाळा आहे. 'मला संग्रहालयं आवडत नाहीत' असं म्हणणाऱ्या कितीतरी लोकांचं दुखणं एवढंच असतं.

पाचवा मुद्दा लोक विचारातच घेत नाहीत, आणि सगळ्यात जास्त रुसवेफुगवे त्यावरूनच होतात. ध्रुवीय प्रकाश, देवमासे, जंगली प्राणी, ढगांतून डोकावणारं शिखर यांपैकी कशाचीही हमी नसते. ध्रुवीय प्रकाशाला अंधार लागतो, आणि तो जिथे दिसतो त्या उत्तरेकडच्या भागात उन्हाळ्यात रात्र नीट काळोखी होतच नाही. बरं, हिवाळ्यात गेलात तरी ढग आले की खेळ खलास. कडाक्याच्या थंडीत चार तास आभाळाकडे बघत उभं राहणं, हाच खरा कार्यक्रम. प्रकाश दिसला तर ती वरकड कमाई. ज्यांना ते थांबणंच आवडतं, ज्यांना जंगलात वाघ नाही दिसला तरी ठशांवरून तासभर बोलता येतं, त्यांनी जरूर जावं. 'पैसे दिले आणि काहीच दिसलं नाही' असं ज्यांच्या तोंडून येणार आहे, त्यांनी जाऊ नये. यात कमीपणा काही नाही. त्यांच्यासाठी किल्ले आहेत, चित्रं आहेत, बागा आहेत. त्या पळून जात नाहीत.

पायरी २: कार्यक्रम तासांत फोडून बघा

जाहिरात दाखवते तो क्षण, आणि आपण विकत घेतो तो अख्खा दिवस. कुठलाही कार्यक्रम पक्का करण्याआधी घरातून निघाल्यापासून परत येईपर्यंतचा हिशेब कागदावर मांडा.

पहिल्यांदाच स्कूबा डायव्हिंग, म्हणजे पाठीवर हवेची टाकी घेऊन पाण्याखाली उतरणं, करणार असाल तर साधारण असं असतं: आधी तब्येतीचा फॉर्म, मग अंगाला घट्ट बसणारा सूट, टाकी, उथळ पाण्यात सराव, मग बोट, आणि प्रत्यक्ष पाण्याखाली अर्धा-पाऊण तास, तोही नवख्यांसाठी साधारण १२ मीटरपेक्षा खोल नाही. बोट लागणाऱ्याचा निम्मा दिवस पोटातली ढवळाढवळ सांभाळण्यात जातो. मग पुढचा नियम आहेच: एका साध्या डाइव्हनंतर निदान १२ तास आणि सलग अनेक डाइव्ह केल्यास निदान १८ तास विमानात बसायचं नाही. म्हणजे परतीच्या आदल्या दुपारचा मुहूर्त बाद. तरीही 'शेवटचा दिवस मोकळा आहे ना, मग डायव्हिंग करा' असा सल्ला देणारे भेटतात. त्यांना नमस्कार करून पुढे चला.

हॉट एअर बलूनमधले लोक फोटोत प्रसन्न दिसतात. सूर्योदयाच्या सुमाराला वारा शांत असतो म्हणून उड्डाणं तेव्हा होतात, आणि त्यासाठी आपल्याला मिट्ट काळोखात उठावं लागतं, हे फोटोत दिसत नाही. वारा वाढला तर सगळं रद्द.

पायी चढाईसाठी एक जुना ठोकताळा आहे, विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये मांडलेला. दर ५ किलोमीटरला एक तास, आणि दर ६०० मीटर चढाईला आणखी एक तास. १२ किलोमीटरची वाट आणि ९०० मीटर चढ असेल तर चालायचे जवळजवळ अडीच तास, चढाचा दीड, म्हणजे सुमारे चार तास. पण हा आकडा न थांबता चालणाऱ्या धडधाकट माणसाचा आहे. पाणी, फोटो, मागे राहिलेली मावशी हे सगळं धरून मी त्याची सरळ दीडपट करते: सहा तास. 'फक्त बारा किलोमीटर' असं सांगणाऱ्याला आधी चढ किती ते विचारा. तो नुसताच हसला तर उत्तर मिळालं असं समजा.

संग्रहालयाचंही तसंच. पॅरिसच्या लूव्रमध्ये सुमारे ३५,००० वस्तू मांडलेल्या आहेत. प्रत्येकीसमोर १० सेकंद थांबलात तरी ९७ तास होतात. सगळं बघायचा हट्ट आत शिरण्यापूर्वीच सोडा, दोन दालनं निवडा आणि बाहेर पडा. आणि ते मंगळवारी बंद असतं. कुठल्याही संग्रहालयाचा सुट्टीचा वार आधी बघणं हे इतकं प्राथमिक आहे, तरी दारातून परत फिरणारे रोज दिसतात.

असं फोडून झालं की पायरी १ मधल्या पाच गोष्टी समोर ठेवा. तुमचे चांगले तास आणि कार्यक्रमाचे तास जुळत नसतील तर तो कितीही नावाजलेला असो, खोडून टाका. मी इथे हयगय करत नाही.

पायरी ३: शरीराला विचारा

थोडक्यात सांगते. उंचीवर जाणार असाल तर साधारण २,५०० मीटरच्या वर विरळ हवेचा त्रास होऊ शकतो, तुम्ही रोज धावणारे असलात तरी. ३,००० मीटरच्या पुढे झोपायची जागा रोज ५०० मीटरपेक्षा जास्त वर नेऊ नका आणि अधूनमधून विश्रांतीचा दिवस ठेवा. पेरूतलं कुस्को शहर सुमारे ३,४०० मीटरवर आहे, आणि ज्याच्यासाठी लोक तिथे जातात ते माचू पिक्चू हे इंकांचं प्राचीन शहर त्याच्यापेक्षा जवळजवळ हजार मीटर खाली. थेट कुस्कोत उतरून पहिल्याच दिवशी पायऱ्या चढत सुटण्यापेक्षा आधी खालच्या दरीत एक-दोन रात्री काढाव्यात. गुडघे, पाठ, गरोदरपण, दमा असं काही असेल तर डॉक्टरांना विचारा. बुकिंग करून देणाऱ्याला नव्हे.

पायरी ४: सोबतच्या माणसांचं काय करायचं

'सगळ्यांना थोडं थोडं' हे धोरण मला अजिबात मान्य नाही. त्यात मुलं पेंगतात, आजी ताटकळतात आणि ज्याला ते खरंच बघायचं होतं त्याला घाईघाईत बाहेर काढलं जातं. एकत्र गेलो म्हणजे दिवसभर एकमेकांच्या चपला ओळखत फिरायलाच हवं, असं कुणी लिहून दिलेलं नाही. अर्धा दिवस फुटा, अर्धा दिवस एकत्र या. भेटायची जागा आणि वेळ आधी ठरवा. जागा अशी निवडा की लवकर आलेल्याला सावलीत बसता येईल, नाहीतर भेटीची सुरुवातच कुरकुरीने होते. ज्येष्ठांना 'तुम्ही येणार का?' असं विचारू नका, भिडेपोटी ते हो म्हणतात. 'आम्ही एवढं चालणार आहोत, तुम्ही तोवर हे कराल की ते?' असं विचारा. दोन्ही पर्याय खरे हवेत. 'हॉटेलवर आराम' हा पर्याय म्हणून मोजायचा नाही.

पायरी ५: दिवसांत बसवा

दिवसाला एकच मोठा कार्यक्रम. दुसरा घालायचा मोह होईल, घालू नका. लांबचा विमानप्रवास असेल तर पहिला दिवस रिकामा ठेवा. शरीराचं घड्याळ साधारण दर टाइम झोनला एक दिवस घेतं आणि पूर्वेकडे जाताना जास्त कुरकुरतं. हवामानावर अवलंबून असलेलं सगळं सुरुवातीच्या दिवसांत ठेवा, म्हणजे रद्द झालं तर पुढे ढकलता येईल. आगाऊ बुकिंग फक्त ज्याची तिकिटं संपतात त्याचंच. बाकीचं तिथे गेल्यावर, त्या सकाळी उठून अंगात किती त्राण आहे ते बघून.

कधीच न केलेली एखादी गोष्ट करून बघायची असेल तर सहलीत एकच ठेवा, आणि जमल्यास निघण्यापूर्वी घराजवळ तिची रंगीत तालीम करा. स्नॉर्केलचा, म्हणजे पाण्यात तोंड घालून नळीने श्वास घ्यायचा, मुखवटा लावून तरणतलावात दहा मिनिटं तोंडाने श्वास घेता आला नाही, तर समुद्रातही येणार नाही. आणि बुकिंग कराल त्या प्रत्येक गोष्टीची पैसे परत मिळण्याची शेवटची तारीख, त्याच मिनिटाला, फोनच्या कॅलेंडरमध्ये टाका. दोन दिवस आधीचा गजर लावून.