मारहाणीच्या कॉलवर जाताना : रुग्णवाहिकेतील डॉक्टर आणि पायलट यांनी स्वतःला कसे सांभाळावे

महाराष्ट्रात २०१४ पासून धावणाऱ्या १०८ रुग्णवाहिकेत बहुतेक वेळा दोनच माणसे असतात : एक डॉक्टर आणि एक चालक, ज्याला या सेवेत सगळे पायलट म्हणतात. दारूच्या नशेत झालेली हाणामारी, चाकूचा वार, घरातली मारझोड, अपघातानंतर खवळलेला जमाव अशा ठिकाणी अनेकदा पोलिसांच्याही आधी हेच दोघे पोहोचतात आणि त्यांच्याजवळ औषधांची पेटी सोडून दुसरे काहीही नसते. ठाणे आणि नवी मुंबईत या गाडीवर काम करताना मी जे शिकले, ते नव्याने रुजू होणाऱ्यांसाठी येथे लिहीत आहे. या सगळ्या सूचनांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे : रुग्णापर्यंत जाण्याच्या प्रत्येक टप्प्यावर, पुढचे पाऊल टाकण्यापूर्वी, तेथून बाहेर कसे पडणार हे ठरलेले असले पाहिजे.

गाडी सुटल्यापासून पोहोचेपर्यंत

कॉल सेंटरकडून मिळणारी माहिती त्रोटक असते. ‘पडून डोक्याला मार’ असे नोंदवलेला माणूस पडला की त्याला पाडले, हे त्या ओळीतून कळत नाही. म्हणून गाडी निघताच फोन करणाऱ्याला डॉक्टरने स्वतः परत फोन करावा आणि सरळ विचारावे : मारणारा माणूस अजून तिथेच आहे का, त्याच्या हातात काही आहे का, किती जण आहेत, कोणी प्यायलेले आहे का, पोलिसांना कळवले आहे का. उत्तरांइतकेच लक्ष मागच्या आवाजांकडे द्यावे. बोलणारी बाई दबक्या आवाजात, तुटक बोलत असेल तर तिला ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढेच म्हणता येईल असे प्रश्न विचारावेत, कारण मारणारा कदाचित तिच्या शेजारीच उभा असतो.

संशयाला जरा जरी जागा असली तरी ११२ वर पोलिसांना कळवावे, आणि पत्ता सांगताना आपल्या भागाच्या खोड्या लक्षात ठेवाव्यात. ठाणे-बेलापूर रस्त्यावर विटाव्यापर्यंत ठाणे पोलीस आयुक्तालयाची हद्द आहे आणि दिघ्यापासून नवी मुंबई पोलिसांची सुरू होते, त्यामुळे ‘ठाणे-बेलापूर रोडवर’ एवढे सांगून भागत नाही. सेक्टर ९ वाशीतही आहे, ऐरोलीतही आहे आणि घणसोलीतही आहे. नोडचे, म्हणजे वाशी, ऐरोली अशा उपनगराचे, नाव आणि जवळची ठळक खूण सांगितली नाही, तर पोलिसांची गाडी भलत्याच ठिकाणी जाऊन उभी राहते आणि तुम्ही एकटे पडता.

भांडण चालू असल्याचे कळले तर घटनास्थळी थेट जाऊ नये. सायरन आधीच बंद करावा आणि गाडी एक-दोन वळणे अलीकडे, शक्यतो पोलीस चौकी, पेट्रोल पंप किंवा उजेडाच्या नाक्यावर, लोकांच्या नजरेआड थांबवावी. समोर गाडी दिसत असताना ती थांबलेली लोक सहन करत नाहीत; ते दार उघडून तुम्हाला ओढत नेतात, आणि त्यांच्या जागी आपण असतो तर आपणही तेच केले असते. थांबल्याची वेळ आणि कारण कॉल सेंटरला कळवून नोंदवून घ्यावे.

हे थांबणे फार जड जाते. दोनशे पावलांवर कोणी रक्ताच्या थारोळ्यात आहे हे माहीत असताना गाडीत बसून राहणे मला पहिली दोन वर्षे भ्याडपणाचे वाटत असे. मात्र जखमी झालेला डॉक्टर म्हणजे त्या जागी आणखी एक रुग्ण आणि मदतीचा एक हात कमी. शिवाय थांबण्याचा वेळ रिकामा घालवायचा नसतो. फोन चालू ठेवून जो कोणी सुरक्षित आणि भानावर असेल त्याला सांगावे : स्वच्छ कापडाची जाड घडी करा, जखमेवर तळहाताने जोरात दाबून धरा, रक्त थांबले का हे पाहायला ती उचलू नका, भिजली तर तिच्यावरच दुसरी घडी ठेवा, चाकू रुतलेला असेल तर तो काढू नका, त्याच्या दोन्ही बाजूंनी कापड लावून तो हलणार नाही असे बघा. ‘पोलिसांना घेऊन लगेच पोहोचतो’ हेही त्याच फोनवर सांगावे, म्हणजे उशिराचा राग तुमच्यावर निघण्याची शक्यता कमी होते.

गाडी कुठे आणि कशी लावावी

गाडीचे तोंड नेहमी परतीच्या दिशेला असावे. गावठाणातल्या गल्लीत गाडी आत घातली आणि मागे दुचाकींची रांग लागली, तर पायलट कितीही निष्णात असला तरी ती बाहेर निघत नाही. अशा ठिकाणी मुख्य रस्त्यावर थांबून चालत जाणे चांगले. डॉक्टर आत गेल्यावर पायलटने मागचे दार बंद ठेवावे आणि चावी स्वतःजवळ ठेवावी. उचलण्यासाठी त्याला आत यावेच लागले तर गाडी कुलूपबंद करूनच यावे, कारण मोकळ्या गाडीतली कात्री आणि ऑक्सिजनचा सिलिंडर ही जमावाच्या हाती आयती हत्यारे असतात.

कळव्याच्या आणि मुंब्र्याच्या डोंगराला लागून असलेल्या वस्त्यांत किंवा दिघ्याच्या चढावर स्ट्रेचर खालीच राहते आणि रुग्णाला खुर्चीत किंवा चादरीच्या झोळीत उतरवावे लागते. म्हणजे परतताना तुमचे दोन्ही हात अडकलेले असतात, वाट अरुंद असते आणि वेगही नसतो. म्हणून अशा जागी, जिथे एरवी एकट्याने धावत जाता आले असते, तिथेही पोलीस आल्याशिवाय चढू नये. चढताना वस्तीतल्या एखाद्या जाणत्या माणसाला सोबत घ्यावे आणि ज्या गल्लीने गेलो त्याच गल्लीने उतरावे.

अंगावरच्या वस्तूंचे थोडक्यात सांगते. स्टेथोस्कोप गळ्यात नव्हे, खिशात असावा. ओळखपत्राची दोरी ओढताच सुटणारी असावी, ओढणी खोचलेली असावी, केस बांधलेले असावेत आणि कात्री वरच्या खिशातून डोकावू नये. रात्री टॉर्च हवाच.

दारात आणि घरात

दार वाजवताना त्याच्या बरोबर समोर उभे राहू नये. एका बाजूला, भिंतीच्या आडोशाने उभे राहून आधी आतले आवाज ऐकावेत. मग ‘१०८ ची गाडी आली आहे, मी डॉक्टर आहे’ असे स्वच्छ सांगावे. खाकी कपड्यांच्या अपेक्षेने आतला माणूस बिथरलेला असतो, त्याला ही ओळख पटणे महत्त्वाचे आहे. आत गेल्यावर दार उघडेच ठेवावे आणि आपली पाठ दाराकडे राहील, म्हणजे आपल्या व दाराच्या मध्ये कोणी येणार नाही, अशा जागी बसावे.

चाळीतल्या दहा बाय बाराच्या खोलीत ओटा त्याच खोलीत असतो. सुरी, विळी, गॅसवरची कढई हे सगळे हाताच्या अंतरावर असते. लोकमान्य नगरच्या एका खोलीतला प्रसंग मला अजून आठवतो. बाईच्या कपाळावर तीन बोटे लांब जखम होती. ‘दाराला लागले’ असे ती सांगत होती. नवरा ओट्याला टेकून उकिडवा बसला होता, अगदी शांत. मी गुडघ्यांवर बसून जखमेवर गॉज दाबत होते आणि माझे सगळे लक्ष तिच्या कपाळावर होते. इतक्यात दारात उभ्या असलेल्या पायलटदादांनी विचारले, ‘मॅडम, स्ट्रेचरची चावी तुमच्याकडे आहे का?’ स्ट्रेचरला चावी नसते. आमच्यात ठरलेली ती खूण होती, आणि तिचा अर्थ होता : ताबडतोब बाहेर या. मी गॉज तिच्याच हाताने दाबून धरायला लावला, ‘इथे उजेड कमी पडतोय ताई, गॅलरीत बघू या’ म्हटले आणि तिच्या दंडाला धरून तिच्यासह बाहेर आले. दादांनी पाहिले होते ते मी पाहिले नव्हते : ओट्याखाली आडवी ठेवलेली विळी तिथे नव्हती आणि नवऱ्याचा उजवा हात पाठीमागे होता.

त्या खोलीने शिकवलेले तिन्ही धडे मी नव्या माणसांना आवर्जून सांगते. एक जण रुग्णाकडे पाहत असताना दुसऱ्याने रुग्णाकडे अजिबात पाहू नये; त्याने खोलीतल्या माणसांचे हात पाहावेत. खुणेचे वाक्य ड्यूटी सुरू होतानाच ठरवावे, ते ऐकणाऱ्याला साधे वाटेल असे असावे, आणि ते कानावर पडले की कारण न विचारता उठावे. तिसरे म्हणजे रुग्णाला बाहेर काढण्यासाठी खरे वाटेल असे कारण तयार असावे; उजेडाचे कारण बहुतेक चाळींत खरेच असते. मारझोड झाली का, हे बाईला नवऱ्यादेखत कधीही विचारू नये. गाडीचे दार लागल्यावर विचारावे, आणि तेव्हाच १८१ या महिला हेल्पलाइनची माहिती द्यावी.

बिथरलेल्या माणसाशी बोलताना

बोलणारा एकच असावा. दोन हातांचे अंतर राखावे, जरा तिरके उभे राहावे, तळहात दिसतील असे हात ठेवावेत. ‘शांत व्हा’ म्हटल्याने कोणी शांत झाल्याचे मी पाहिलेले नाही. त्याऐवजी नाव विचारून, आपण काय करणार आहोत ते छोट्या वाक्यांत सांगावे : ‘काका, मी फक्त बोटाला सुई टोचून साखर बघते. लगेच होईल.’ न सांगता अंगाला हात लावू नये.

साखरेचा उल्लेख मी मुद्दाम केला. नातेवाईक ‘प्यायलाय’ म्हणतात आणि आपणही तसेच धरून चालतो, पण रक्तातली साखर किंवा ऑक्सिजन कमी झालेला माणूस, डोक्याला मार लागलेला माणूस, नुकतीच फिट येऊन गेलेला माणूस हे सगळे अगदी दारुड्यासारखेच झटापट करतात. दारू अचानक सुटलेला माणूस दोन-तीन दिवसांनी भ्रमिष्ट होऊन अंगावर धावून येऊ शकतो. ग्लुकोमीटर आणि बोटाला लावायचे ऑक्सिमीटर लावता येण्याइतपत तो शांत होताच ही दोन मोजमापे करावीत. साखर कमी निघाली आणि ग्लुकोज दिले, तर निम्मे भांडण तिथेच संपते.

धरण्याची वेळ आलीच तर ते काम दोघांचे नाही. पुरेशी माणसे आणि पोलीस हवेत. मानसिक आजारामुळे स्वतःला किंवा इतरांना धोका ठरणाऱ्या व्यक्तीला ताब्यात घेऊन उपचारापर्यंत नेण्याची जबाबदारी २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने पोलिसांवर टाकलेली आहे, हे नम्रपणे पण ठामपणे सांगावे. धरलेल्या माणसाला पालथे झोपवून पाठीवर कोणालाही बसू देऊ नये, कारण अशा स्थितीत श्वास कोंडून मृत्यू येतो. उताणे किंवा कुशीवर ठेवावे आणि छातीवरची नजर हटवू नये. ओरडणारा माणूस एकदम गप्प झाला तर आधी श्वास पाहावा.

जमाव, आणि गाडीत कोणाला घ्यावे

घोडबंदर रोडवर किंवा सायन-पनवेल महामार्गावर अपघात झाला की ट्रकचालकाला मारायला लोक जमतात आणि कित्येकदा तोही जखमी असतो. दोन बाजूंच्या जखमींना एकाच गाडीत कधीही घेऊ नये. दुसरी गाडी मागवावी. गर्दीतल्या सर्वांत मोठ्या आवाजाच्या माणसाला विरोध करण्याऐवजी काम द्यावे : ‘दादा, ही सलाईनची बाटली उंच धरा’, ‘भाऊ, गाडीला वाट करून द्या.’ हात कामात गुंतले की आवाजही उतरतो. रस्त्यावर उपचार लांबवू नयेत. रक्तस्राव आणि श्वास एवढे सांभाळून बाकीचे गाडीत करावे. सोबत एकच नातेवाईक घ्यावा आणि तो शुद्धीवरचा असावा. बेशुद्ध रुग्णाचे कपडे कापताना त्याच्या कमरेला काही खोचलेले नाही ना ते पाहावे. कापड वाराच्या छिद्रातून कापू नये आणि पडलेल्या हत्याराला हात लावू नये, कारण पुढे तो पुरावा असतो.

हत्यार दिसले, आपण आत असताना खोलीचे दार कोणी लावले किंवा जोडीदाराने खूण दिली, तर पेटी, मॉनिटर सगळे तिथेच टाकून निघावे. वस्तू परत मिळतात. सुरक्षित अंतरावर जाऊन ११२ ला पुन्हा कळवावे आणि पोलिसांसह परत यावे. ही माघार म्हणजे रुग्णाला सोडून देणे नव्हे, आणि तसे लेखी नोंदवून ठेवावे.

हल्ला झालाच तर

महाराष्ट्रात २०१० च्या कायद्याने वैद्यकीय सेवा देणाऱ्यांवरील हिंसा हा दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा ठरवला असून त्यासाठी तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजार रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. मालमत्तेच्या नुकसानीची दुप्पट भरपाईही द्यावी लागते. या कायद्याच्या संरक्षणात डॉक्टर आणि परिचारिकांबरोबर निमवैद्यकीय कर्मचारीही येतात. तक्रार त्याच दिवशी द्यावी, किरकोळ जखमेचीही वैद्यकीय नोंद करून घ्यावी आणि कॉल सेंटरला कळवलेल्या वेळा तक्रारीत लिहाव्यात. माझ्या कानाखाली वाजवली गेली तेव्हा वरिष्ठांनी ‘जाऊ द्या, तो दुःखात होता’ म्हणून मला परत ड्यूटीवर पाठवले. तो दुःखात होता हे खरेच होते. पण तक्रार झाली नाही, त्या पत्त्यापुढे कसलीही नोंद राहिली नाही, आणि पुढच्या महिन्यात आमचीच दुसरी गाडी काहीही माहीत नसताना त्याच दारात जाऊन उभी राहिली.

तेव्हापासून आमच्या गाडीत एक दोनशे पानी वही आहे. पाळी बदलताना उतरणारी जोडी चढणाऱ्या जोडीला ती वाचून दाखवते : कोणत्या गल्लीत गाडी वळत नाही, कोणत्या जिन्यावर दिवा नाही, कोणत्या खोलीत पोलिसांशिवाय जायचे नाही, आणि आजचे खुणेचे वाक्य काय आहे.