सूचना ग्रुपवर होती, तारीख मात्र गेली: शाळेच्या बातम्या आणि कार्यक्रमांबाबत या चुका टाळा

शिष्यवृत्तीचे फॉर्म भरायची मुदत संपली की दुसऱ्या दिवशी ऑफिसच्या खिडकीपाशी दोन-चार पालक हमखास उभे दिसतात. "बाई, आम्हाला कळलंच नाही." त्यांचाच मोबाइल उघडून पाहावं तर सूचना तिथे असते, आणि तिच्याखाली त्यांनी पाठवलेला नमस्काराचा हातही असतो. सूचना पोचलेली असते, फक्त शेवटच्या ओळीपर्यंत कुणी गेलेलं नसतं आणि नेमकी तारीख त्या शेवटच्या ओळीत असते. वर्गशिक्षिका म्हणून सूचना लिहिणं आणि मग त्यांच्यामागे धावणं हे माझं वर्षभराचं काम. पालक कुठे घसरतात त्या जागा आता ठरल्यासारख्या आहेत. शाळा घसरतात त्याही.

'उद्या पालक सभा आहे'

शाळांपासूनच सुरुवात करू. रात्री साडेदहाला ग्रुपवर असा मजकूर येतो: "सर्व पालकांना कळविण्यात येते की उद्या पालक सभा आयोजित केली असून सर्वांनी वेळेवर उपस्थित राहून सहकार्य करावे ही नम्र विनंती." ज्यांनी हा सकाळी वाचला त्यांच्यासाठी 'उद्या' कधी? कुठल्या इयत्तेची सभा, किती वाजता, कुठल्या खोलीत? विनंती नम्र आहे, माहिती शून्य आहे.

हीच सूचना अशी लिहा: "पालक सभा. इयत्ता ७ वी, तुकडी अ आणि ब. शनिवार, १८ जुलै, सकाळी ११ ते १२. खोली क्र. ९. आधार कार्डाची झेरॉक्स आणावी. आई-वडिलांना जमत नसेल तर आजी-आजोबा आले तरी चालेल." तारखेसोबत वार लिहिला की चूक लगेच पकडली जाते, कारण दोन्ही जुळले नाहीत तर कुणीतरी विचारतंच. शेवटचं वाक्यही महत्त्वाचं आहे. वडील कंपनीत शिफ्टला आणि आई पतपेढीत, अशा घरातून सभेला कुणीच येत नाही. आजी चालते हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं.

सूचना मोघम असेल तर पालकांनी वर्गशिक्षकांना वेगळा मेसेज करून विचारावं. ग्रुपवर "किती वाजता?" विचारलं की खाली "मला पण", "सेम प्रश्न" अशी रांग लागते आणि मूळ सूचना वर कुठेतरी निघून जाते.

ग्रुपच्या भरवशावर राहू नका

वर्गाचा ग्रुप वाढदिवस, सुविचार आणि हरवलेल्या पाण्याच्या बाटल्या यांनी भरतो. ॲडमिनशिवाय कुणी मेसेज टाकू शकणार नाही अशी सोय ग्रुपच्या सेटिंगमध्ये असते, ती सूचनांच्या ग्रुपला सरळ लावून टाकावी. गप्पांसाठी पालकांनी हवा तर दुसरा ग्रुप काढावा. त्यात आम्हाला घेऊ नका, एवढंच.

दुसरी अडचण कमी दिसते पण जास्त नडते. ग्रुपमध्ये घरातला एकच नंबर असतो, बहुतेक वडिलांचा. वडील ट्रकवर किंवा कामानिमित्त परगावी, मुलाचा अभ्यास पाहणारी आई मात्र ग्रुपमध्ये नाही. शाळेला दोन नंबर द्या. सिम बदललं तर वर्गशिक्षकांना आणि ऑफिसला, दोघांनाही कळवा. आमच्या मोबाइलमध्ये नवा नंबर आणि ऑफिसच्या रजिस्टरमध्ये जुना असं झालं, तर मुलाला शाळेत ताप आल्यावर फोन नेमका बंद नंबरवर जातो.

सूचनेची पीडीएफ असेल तर ती उघडा. हे सांगावं लागतं, कारण मोबाइलची जागा भरलेली असते, फाइल डाउनलोड होत नाही आणि मग आवाज फक्त "सर, काय आहे यात?" एवढाच येतो. आणि मुलांच्या डायरीवर रोज नाही तरी दोन दिवसांनी सही करायची सवय ठेवा. जे ग्रुपवर येत नाही ते बऱ्याचदा डायरीत असतं.

पावसाची सुट्टी: पत्र खरं, पण कुठलं आणि कधीचं?

जुलै-ऑगस्टमध्ये मुसळधार पाऊस लागला की रात्री सुट्टीची पत्रं फिरायला लागतात. त्यातली बरीचशी बनावट नसतातच. गेल्या वर्षीची असतात, नाहीतर रायगडचं पत्र पालघरच्या ग्रुपवर आलेलं असतं. सही खरी, शिक्का खरा, म्हणून पालक बिनधास्त झोपतात.

सुट्टी जाहीर करतं जिल्हा प्रशासन किंवा महापालिका. पत्र आलं की चार गोष्टी पाहा: वर्षासह पूर्ण तारीख, वार, जिल्हा किंवा तालुका, आणि सुट्टी कुणाला आहे. काही पत्रांत अंगणवाडीपासून बारावीपर्यंत सगळे येतात, काहींत ठरावीक तालुकेच. मग जिल्हाधिकारी कार्यालयाचं किंवा महापालिकेचं अधिकृत खातं पाहा. तिथे नसेल तर शाळेचा निरोप येईपर्यंत दप्तर भरून ठेवा.

दोन सत्रांत भरणाऱ्या शाळांत आणखी एक घोळ होतो. सकाळची मुलं शाळेत पोचल्यावर दुपारच्या सत्राला सुट्टी जाहीर होते आणि सकाळच्या मुलांनाही लवकर सोडावं लागतं. अशा दिवशी मुलाला कोण न्यायला येणार हे जूनमध्येच लेखी देऊन ठेवा. व्हॅनवाले काका पाण्यात अडकले तर दुसरं नाव कुणाचं, हेही त्यातच लिहा. ओळखीचं वाटणाऱ्या शेजाऱ्यासोबत आम्ही मूल सोडत नाही, आणि त्यावरून गेटवर होणारी भांडणं कुणालाच नको असतात.

सभेला न जाणं आणि मग फीवरून भांडणं

बऱ्याच पालकांना वाटतं, पालक सभा म्हणजे गुण ऐकायची आणि मान खाली घालायची जागा. प्रत्यक्षात वर्षाच्या सुरुवातीच्या सभांमध्ये अधिकाराच्या गोष्टी ठरतात.

सरकारी आणि अनुदानित शाळांत शिक्षण हक्क कायद्यानुसार शाळा व्यवस्थापन समिती असते. तिच्यात किमान ७५ टक्के सदस्य पालक आणि निम्म्या सदस्य महिला असाव्या लागतात. खासगी विनाअनुदानित शाळांत महाराष्ट्राच्या २०११ च्या शुल्क विनियमन कायद्यानुसार पालक-शिक्षक संघ स्थापन करावा लागतो, तोही शैक्षणिक वर्ष सुरू झाल्यापासून ३० दिवसांत. प्रत्येक पालक त्याचा सदस्य असतो. कार्यकारी समितीवरचे पालक इच्छुकांमधून लॉटरीने निवडले जातात, म्हणजे ओळखपाळख नसली तरी नाव निघू शकतं. पण त्यासाठी नाव द्यावं लागतं, आणि ते देण्याची सूचना पहिल्या महिन्यात येऊन जाते.

याचा फीशी थेट संबंध आहे. पुढच्या वर्षीच्या फीचा प्रस्ताव व्यवस्थापनाने या कार्यकारी समितीपुढे किमान सहा महिने आधी ठेवायचा असतो, म्हणजे साधारण डिसेंबरच्या सुमारास. एप्रिलमध्ये पावती हातात आल्यावर ग्रुपवर संताप व्यक्त करणाऱ्यांपैकी किती जणांना समितीत आपल्या वर्गाचा पालक प्रतिनिधी कोण हे माहीत असतं? त्याला डिसेंबरात गाठा. तेव्हाच काही बदलता येतं.

परीक्षांचे फॉर्म: थोरल्याच्या वेळचे नियम धाकट्याला लावू नका

शिष्यवृत्ती परीक्षा आधी चौथी आणि सातवीला होती, मग पाचवी आणि आठवीला गेली, आणि २०२५ मध्ये शासनाने पुन्हा चौथी-सातवीकडे वळायचा निर्णय घेतला. "दादाने पाचवीत दिली होती" या हिशेबावर राहाल तर वर्ष चुकेल. यंदाचं परिपत्रक शाळेत पाहा.

आठवीतल्या मुलांसाठी एनएमएमएस (नॅशनल मीन्स-कम-मेरिट स्कॉलरशिप) ही केंद्राच्या शिष्यवृत्तीची वेगळी परीक्षा आहे. पालकांचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांपर्यंत असेल आणि मूल सरकारी, अनुदानित किंवा स्थानिक स्वराज्य संस्थेच्या शाळेत असेल, तर निवड झाल्यावर नववीपासून बारावीपर्यंत वर्षाला १२,००० रुपये मिळतात. इथे अडतं ते उत्पन्नाच्या दाखल्यावर. फॉर्मची सूचना आल्यावर सेतूत धावलात तर दाखला येईतो मुदत संपते. जूनमध्येच अर्ज टाका. मुलाच्या नावाचं बँक खातं आणि त्याला आधार जोडणी हेही तेव्हाच उरकून घ्या.

चित्रकलेच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षांना पालक 'छंद' म्हणून सोडून देतात. इंटरमिजिएटच्या श्रेणीवर दहावीला वाढीव गुण मिळतात: अ श्रेणीला ७, ब ला ५, क ला ३. मात्र प्रमाणपत्राची प्रत शाळेकडे वेळेत द्यावी लागते, कारण प्रस्ताव बोर्डाकडे शाळेमार्फतच जातो. घरच्या भिंतीवर फ्रेम करून लावलेल्या प्रमाणपत्राला गुण मिळत नाहीत.

नावातली चूक: सगळ्यात महाग पडणारी

शाळेतल्या सगळ्या सूचनांत 'नाव तपासून सही करा' ही सूचना सर्वांत कंटाळवाणी वाटते आणि सर्वांत जास्त छळते तीही हीच.

आधी जनरल रजिस्टरमध्ये, म्हणजे शाळेच्या प्रवेश नोंदवहीत, काय लिहिलंय ते ऑफिसात जाऊन एकदा डोळ्यांनी पाहा. प्रवेशाच्या दिवशी घाईत सांगितलेलं नाव तिथे असतं. वडिलांचं नाव गावात बाळासाहेब म्हणून बाळासाहेब लागतं, आणि आधारवर बाळकृष्ण निघतं. दत्तात्रय की दत्तात्रेय, वैष्णवीच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये एखादं अक्षर कमी, आईचं माहेरचं नाव एका कागदावर आणि सासरचं दुसऱ्यावर. एरवी हे कुणाला खटकत नाही. पण अपार आयडी, म्हणजे विद्यार्थ्याचा देशभर चालणारा कायमचा ओळख क्रमांक, काढताना शाळेची नोंद आणि आधार जुळावं लागतं, आणि न जुळणाऱ्या मुलांची यादी वर्गशिक्षकांच्या हातात येते. मग आम्ही फोन करतो, आणि पालक विचारतात, "आधारमध्ये बदलू की शाळेत?"

याचं उत्तर जन्म दाखल्यात असतं. तो समोर ठेवा. त्याच्याशी जे जुळत नाही ते दुरुस्त करायचं. सगळे कागद एकमेकांसारखे व्हावेत म्हणून चुकीच्या आधारप्रमाणे बरोबर रजिस्टर बदलायला निघू नका. तीच चूक पुढे शाळा सोडल्याच्या दाखल्यावर जाते. आणि आधार केंद्रात चक्कर मारणारच असाल तर मुलाचं वय पाहा. ५ आणि १५ वर्षांचं झाल्यावर बोटांचे ठसे आणि डोळ्यांचं स्कॅन नव्याने द्यावं लागतं. एकाच खेपेत दोन्ही कामं होतील.

दहावीच्या वर्षी बोर्डाकडून प्री-लिस्ट येते. त्यात नाव, आईचं नाव, जन्मतारीख, फोटो, माध्यम आणि विषय असतात, आणि विद्यार्थ्याने ते तपासून सही करायची असते. मुलं ती सही उभ्या उभ्या, मधल्या सुट्टीत करतात. संपूर्ण संस्कृत घेतलेल्या मुलापुढे संयुक्त विषयाची नोंद असली तरी कुणाचं लक्ष नसतं. प्री-लिस्टची झेरॉक्स किंवा फोटो मागून घ्या आणि घरी दोघांनी मिळून वाचा, एकाने जन्म दाखला धरून आणि दुसऱ्याने यादी धरून. मूल शाळेत शिकत असतानाची दुरुस्ती अर्ज आणि पुराव्यावर होऊ शकते. शाळा सोडल्याचा दाखला घेऊन मूल बाहेर पडलं की त्याच दुरुस्तीसाठी शिक्षणाधिकारी कार्यालयाचे आणि बोर्डाचे हेलपाटे सुरू होतात.

गॅदरिंग आणि सहल

यात थोडक्यात. मावळ्याचे आणि कोळीनृत्याचे पोशाख भाड्याने देणारी दुकानं तालुक्यात दोन-तीनच असतात आणि डिसेंबरात सगळ्या शाळांचं गॅदरिंग एकदमच येतं, तेव्हा नाच ठरला की त्याच आठवड्यात पोशाख सांगून ठेवा. मेकअपने मुलाच्या चेहऱ्यावर पुरळ येत असेल तर आधी सांगा. आपल्या मुलाचा व्हिडिओ जागेवर बसून काढा. मागच्या पालकांना मुलांऐवजी पुढच्यांचे मोबाइलच दिसतात. इतरांच्या मुलींच्या नाचाचे व्हिडिओ सगळीकडे टाकू नका, त्यांच्या घरच्यांना विचारलेलं नसतं.

सहलीचं संमतीपत्र आदल्या दिवशी आणलेलं चालत नाही. एसटीची ५० टक्के सवलत, शिक्षणाधिकाऱ्यांची परवानगी, विद्यार्थ्यांची यादी हे सगळं आधी जातं आणि त्या यादीत नाव नसलेल्या मुलाला आम्ही बसमध्ये घेऊ शकत नाही. गाडी लागते, दमा आहे, गोळी चालू आहे हे संमतीपत्रावरच लिहा.

तारीख गेलीच असेल तर

आधी चिडू नका, मुदत कुठली गेली ते विचारा. शाळेने ठरवलेली आतली तारीख आणि (शिष्यवृत्ती परीक्षा घेणाऱ्या) परीक्षा परिषदेची किंवा बोर्डाची शेवटची तारीख यांत बऱ्याचदा काही दिवसांचं अंतर असतं. शिष्यवृत्ती आणि बोर्डाच्या फॉर्मना विलंब शुल्काची मुदतही जाहीर होते. पैसे जास्त लागतात, पण फॉर्म जातो. हे फॉर्म शाळेच्या लॉगिनमधूनच भरले जातात, तेव्हा "मी बाहेरून भरून देतो" म्हणणाऱ्या एजंटला एक रुपयाही देऊ नका.

तोंडी विनंती करून घरी जाऊ नका. मुख्याध्यापकांच्या नावे साध्या कागदावर अर्ज लिहा: मुलाचं नाव, इयत्ता, तुकडी, कुठला फॉर्म, उशीर का झाला. दोन प्रती न्या. एक ऑफिसात द्या, दुसरीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्या. आणि मधल्या सुट्टीत जाऊ नका, त्या वेळी खिडकीवर मुलांची गर्दी असते आणि क्लार्कला रजिस्टर काढायला सवड नसते. साडेअकराच्या सुमारास गेलात तर काम होईल.