फळ्यावरचा दिनविशेष कसा लिहावा? १ ऑगस्ट घेऊन एक सराव

शाळेच्या किंवा सोसायटीच्या फळ्यावर रोज दिनविशेष लिहायचं काम गळ्यात पडलं, की बहुतेक जण मोबाइलवर आलेली यादी जशीच्या तशी उतरवतात. पंधरा ओळी, पंधरा सनावळ्या; वाचणारा तिसऱ्या ओळीलाच पुढे सटकतो. त्यापेक्षा दोन-तीन नोंदी घ्या, पण नीट घ्या. सरावाला १ ऑगस्ट घेऊ.

आधी कच्ची यादी वहीत करा. १७७४ : जोसेफ प्रीस्टली यांचा ऑक्सिजनचा प्रयोग. १९१४ : जर्मनीने रशियाविरुद्ध युद्ध पुकारलं. १९२० : लोकमान्य टिळकांचं निधन, अण्णा भाऊ साठे यांचा जन्म, असहकार आंदोलनाची सुरुवात. शिवाय आपल्याकडे हा महसूल दिन, कारण महसुली वर्ष १ ऑगस्टला सुरू होऊन ३१ जुलैला संपतं.

आता सन बघा. तीन नोंदी एकाच सनातल्या आहेत, म्हणजे खरोखर एकाच दिवसातल्या. असं सापडलं की बाकीच्यांवर खुशाल काट मारा. ऑक्सिजन विज्ञानाच्या तासाला येईलच.

मग विचारा : हा नुसता योग, की आत काही धागा आहे? असहकाराचा दिवस गांधीजींनी आधीच जाहीर केला होता. टिळक त्याच दिवशी, मध्यरात्र उलटल्यावर, मुंबईत सरदारगृहात वारले. अंत्ययात्रा गिरगाव चौपाटीला निघाली, तिच्यात गांधीजी होते. आणि त्याच तारखेच्या पत्राने त्यांनी व्हाइसरॉयना ब्रिटिश सरकारने दिलेलं कैसर-ए-हिंद पदक परत केलं. हा धागा झाला. अण्णा भाऊंचा जन्म मात्र निव्वळ योग. तो योग म्हणूनच सांगावा. ‘एक सूर्य मावळला, दुसरा उगवला’ छापाचं वाक्य भाषणात खपतं, फळ्यावर नको.

पुढचं काम तारीख तपासण्याचं, आणि इथे घाई करू नका. मध्यरात्रीनंतरच्या घटनेत हमखास घोळ होतो, कारण पंचांगाचा दिवस सूर्योदयाला बदलतो, घड्याळाचा रात्री बाराला. तिथी आणि तारीख एकमेकींशी जुळवताना हे ध्यानात ठेवा.

जुन्या काळात गेलात तर कोणतं कॅलेंडर, हेही बघावं लागतं. इंग्रजांनी ग्रेगोरियन, म्हणजे आजची, पद्धत १७५२ मध्ये घेतली; तोवर त्यांची जुनी ज्युलियन पद्धत चालू होती. पोर्तुगीज ती त्याआधी दीडशेहून अधिक वर्षं वापरत होते. शिवराज्याभिषेकाची ६ जून १६७४ ही तारीख जुन्या पद्धतीची. नव्या पद्धतीने तोच दिवस १६ जून येतो. ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी, शके १५९६ ही तिथी मात्र दोन्हीकडे तीच. शेक्सपिअर आणि स्पॅनिश लेखक सर्व्हांटिस २३ एप्रिल १६१६ ला एकाच दिवशी गेले, ही आवडती गोष्टही इथेच कोसळते. इंग्लंडचा २३ एप्रिल स्पेनच्या २३ एप्रिलनंतर दहा दिवसांनी उजाडला.

जन्मतारखांची गंमत वेगळीच. शाळेत नाव घालताना मास्तरांनी १ जून टाकून दिलेली माणसं आपल्या प्रत्येकाच्या घरात आहेत. त्यामुळे एखाद्याचा जन्म १ जूनचा दिसला, तर दुसरा पुरावा मिळेपर्यंत ती नोंद वहीतच राहू द्या.

शेवटी लिहा. ‘निधन’, ‘जन्म’, ‘प्रारंभ’ असे सुटे शब्द टाकू नका. पूर्ण वाक्य लिहा आणि त्यात गाव येऊ द्या. गाव तेव्हा कोणत्या जिल्ह्यात होतं तेही बघा. फळ्यावर एवढं पुरे :

१ ऑगस्ट १९२०. मध्यरात्र उलटल्यावर मुंबईत सरदारगृहात लोकमान्य टिळकांनी देह ठेवला. असहकार आंदोलन ठरल्याप्रमाणे त्याच दिवशी सुरू झालं. आणि तेव्हाच्या सातारा, आताच्या सांगली जिल्ह्यातल्या वाटेगावात तुकाराम भाऊराव साठे यांचा जन्म झाला. पुढे महाराष्ट्र त्यांना अण्णा भाऊ म्हणू लागला.