मामाजीशी बोलायचं तर आधी कूलर बंद करा

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका ग्रामीण रुग्णालयात मी नेत्र चिकित्सा अधिकारी आहे. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेली म्हातारी माणसं तपासणीला येतात आणि सोबतची सून डोळ्यांपेक्षा कानाचंच जास्त सांगते. "मॅडम, मामाजीले आवाज जाते, पण समजत काहीच नाही. मुद्दाम करतात का काय मालूम." मामाजी, म्हणजे तिचे सासरे, बाजूच्या स्टुलावरच असतात. ते म्हणतात, "येते न आवाज! हे सारे तोंडातल्या तोंडात बोलून रायले."

दोघंही खरं सांगत असतात.

वयाबरोबर कानाच्या आतल्या बारीक केसपेशी मरतात, आणि आधी मरतात त्या उंच पट्टीचे आवाज टिपणाऱ्या. स, श, च, त, प ही व्यंजनं त्याच पट्टीत येतात, शिवाय ती हळू आणि क्षणभराची असतात. स्वर खालच्या पट्टीतले, दणकट. म्हणून "आवाज जाते", पण "गोयी घेतली का?" (गोळी घेतली का) विचारलं की मामाजी पोयी (पोळी) खाल्ल्याचं सांगतात. तुम्ही ओरडलात तर मोठा होतो तो 'ओ' आणि 'ई'. 'ग' की 'प' ते जिथल्या तिथेच राहतं.

हा झाला कानाचा भाग. मला जास्त सांगायचं आहे ते पुढचं, कारण ते ओपीडीत कोणी सांगत नाही. कान आणि डोळा पाठवतात तो माल मेंदूला निवडावा लागतो. तूर पाखडताना कोंडा उडवून दाणा ठेवतो तसं, मेंदूतल्या काही पेशींचं कामच बाकीच्यांना गप्प करणं. त्या गाबा नावाचं रसायन वापरतात. म्हातारपणी हा दाब सैल होतो.

हे कळलं माकडांवरून. आपल्या हरभऱ्यात धुडगूस घालणारी काळतोंडी वानरं नव्हेत, लाल तोंडाची ऱ्हीसस माकडं. त्यांचं एक वर्ष म्हणजे माणसाची साधारण तीन वर्षं, त्यामुळे पंचविशी ओलांडलेलं माकड आपल्या पंचाहत्तरीच्या आबाजीच्या जोडीचं. अशा माकडांच्या दृष्टीच्या मेंदूत पेशी फारशा कमी झालेल्या नव्हत्या. उलट त्या जास्तच कडकडत, म्हणजे संदेश सोडत, होत्या, पण नेमकेपणा गेला होता. तरुण माकडात एक पेशी एकाच कलाच्या रेघेला दाद देते; म्हाताऱ्यात कुठलीही रेघ चालते. २००३ साली 'सायन्स'मध्ये आलेल्या प्रयोगात म्हाताऱ्या माकडांच्या त्याच पेशींपाशी थेंबभर गाबा सोडलं, तर त्या पुन्हा तरुण पेशींसारख्या निवडक झाल्या. ऐकण्याच्या मेंदूचंही तसंच. कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस इथल्या प्रयोगांत तरुण माकडांमध्ये आवाज कुठून आला हे मेंदूच्या पुढच्या टप्प्यात अधिक नेमकं ठरत होतं; म्हाताऱ्यांमध्ये ती सुधारणा होतच नव्हती.

(एका शिकलेल्या मुलानं मला विचारलं, मग झोपेची गोळी देऊ का, तीही गाबाचाच जोर वाढवते म्हणतात. वाढवते, पण साऱ्या मेंदूत. म्हातारा माणूस त्यानं रात्री पडतो, खुबा मोडतो, भ्रमतो. डॉक्टरांनी लिहून दिल्याशिवाय अजिबात नाही.)

आता घरी करायचं काय ते.

आधी कान तपासा. दुपारी घर शांत असताना त्यांच्या मागे हातभर अंतरावर उभं राहा, म्हणजे ओठ दिसणार नाहीत. त्यांना एका कानाच्या भोकापुढचा छोटा उंचवटा बोटानं भोकावर दाबून हळूहळू चोळायला सांगा, म्हणजे तो कान बंद राहील. श्वास पूर्ण सोडून कुजबुजा: "सात, क, चार". तिन्ही बरोबर आले तर उघडा कान ठीक. चुकले तर दुसरे तीन सांगा. सहापैकी तीन तरी आले पाहिजेत. मग दुसरा कान. हे झाल्यावर कूलर सुरू करा, समोर बसा आणि साध्या आवाजात दोन वाक्यं बोला. ही दुसरी चाचणी माझी घरगुती, पुस्तकातली नाही. पण शांततेत सगळं ऐकणारा माणूस कूलरपुढे गडबडला तर सुनेला एका मिनिटात पटतं की हा माणूस नाटक करत नाही.

कूलरचं मी फार बोलते, कारण विदर्भात मार्च ते जून तो पत्र्याचा डबा खाटेला लागूनच घरघरत असतो, आणि घरातलं महत्त्वाचं सगळं त्याच्यापुढेच बोललं जातं: गोळ्या, बँकेचं पासबुक, वावराची वाटणी. पाखडणारा मेंदू सैल झाला की त्याला पंख्याचा आवाज आणि तुमचा आवाज सारखाच. बंद करता येत नसेल तर खाट उचलून दुसऱ्या भिंतीला लावा. टीव्ही चालू ठेवून बोलू नका. दोघांनी एकदम बोलू नका.

आतून, चुलीपाशी बसून हाक मारू नका; आवाज कुठून आला तेच त्यांना कळत नाही. समोर या, आधी "मामाजी" म्हणा, त्यांनी पाहिलं की मग बोला. वाक्य छोटं, जरा सावकाश, दोन वाक्यांत थांबा. समजलं नाही तर तेच शब्द आणखी जोरात नको, शब्द बदला: "गोयी घेतली का?" ऐवजी "बीपीचं औषध, सकायचं, झालं का?" आणि तोंडावर उजेड राहू द्या. दाराकडे पाठ करून उभं राहिलं की चेहरा काळा पडतो, ओठ दिसत नाहीत, आणि म्हातारा माणूस बरंचसं ऐकतो ते ओठांवरूनच.

इथे डोळा येतो. विशीत डोळ्याच्या पडद्यावर पोचतो त्याच्या साधारण एक तृतीयांश उजेडच साठीत पोचतो. बाहुली लहान झालेली, भिंग पिवळं. ऑपरेशननं भिंग नवं मिळतं, पण बाहुली लहानच राहते आणि मेंदू त्याच वयाचा. म्हणून "ऑपरेशन करूनही दिसत नाही" ही तक्रार संध्याकाळी जास्त. सपरीत आणि संडासच्या वाटेवर चांगला बल्ब लावा. पायरीच्या कडेला पिवळ्या रंगाचा पट्टा मारा, कारण शहाबादी फरशीवर शहाबादी पायरी त्यांना दिसतच नाही. स्टीलच्या ताटात पांढरा भात आणि पांढरं दही वाढू नका.

हलणाऱ्या वस्तू टिपणारा मेंदूचा भाग म्हाताऱ्या माकडांत आणखी बिघडलेला आढळला. म्हणून हायवे ओलांडताना मोटरसायकल "दिसते", पण किती जोरात येते ते कळत नाही. हात धरा. त्यांना राग आला तरी.

कानात लसणाचं गरम तेल घालू नका, काडीनं मळ काढू नका. मळ असेल तर रुग्णालयात काढून मिळतो, आणि कधीकधी निम्मी तक्रार तिथेच संपते. एका कानानं एका दिवसात अचानक ऐकू येणं बंद झालं तर मात्र त्याच दिवशी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे न्या. उपचार पहिल्या काही दिवसांतच लागू पडतो. एका डोळ्यानं एकाएकी दिसेनासं झालं तरी त्याच दिवशी, पण डोळ्यांच्या डॉक्टरांकडे.

कानाचं, ऐकायचं मशीन मिळालं की बहुतेक घरांत ते आठवड्यानं कपाटात जातं. "लय कलकल होते" म्हणतात, आणि होतेच, कारण वर्षानुवर्षं न आलेले आवाज मेंदूत एकदम शिरतात. पहिले काही दिवस घरातच, शांत वेळी, तास-दोन तास. मग वाढवा. बाजार आणि लग्नाचा मांडव सर्वांत शेवटी. काही आठवडे जाऊ द्या. तरीही कलकल राहिली तर मशीन पुन्हा बसवून घ्यायला न्या, कपाटात टाकू नका. दारिद्र्यरेषेखालच्या ज्येष्ठांना राष्ट्रीय वयोश्री योजनेतून (२०१७ पासून) मशीन मोफत मिळतं. शिबिर कधी आहे ते समाजकल्याण कार्यालयात विचारा आणि आधार, रेशनकार्ड सोबत ठेवा. सेलवरचा स्टिकर काढल्यावर मिनिटभर थांबून मग तो मशीनमध्ये घाला, आणि उरलेले सेल उन्हाच्या खिडकीत ठेवू नका.